गॅलरीचे तीन खांब

आपल्या वस्त्यांमधली घरे आडवी वाढत नाहीत, उभी वाढतात. खाली बापाची खोली, वर मुलाची, आणि वरच्या खोलीला उजेड-वारा मिळावा, चार कपडे वाळत घालता यावेत म्हणून पुढे तीन-चार फुटांची गॅलरी. ही गॅलरी काही अधांतरी राहत नाही. तिला खालून लोखंडी खांब द्यावे लागतात. बांधताना ते खांब कसे दिसतील हा विचार कोणाच्या मनात नसतो. हातात जेवढे पैसे असतील त्यात भंगारवाल्याकडे जे मिळेल ते आणायचे, उभे करायचे, वर चढून दोनदा पाय आपटून पाहायचे आणि कामाला लागायचे. दिसण्याचा प्रश्न नंतर येतो. बहुधा घरात कार्य निघाले म्हणजे येतो.

आमच्याकडे तो गेल्या दिवाळीनंतर आला. आमचे घर कल्याण पूर्वेला, खाली-वर मिळून दोन खोल्यांचे. धाकट्या मुलीचा साखरपुडा डिसेंबरात ठरला होता. घराला रंग काढायचे चालले होते, तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, भिंती कितीही रंगवा, दारात पाऊल टाकलं की आधी हे खांब दिसतात. तीन खांब, तिन्ही तीन तऱ्हेचे. माझ्या माहेरची माणसं हसतात. म्हणतात, तुमच्या दारात रेल्वेचा रूळ उभा आहे."

यात खोटे काहीच नव्हते. जिन्याच्या बाजूचा खांब खरोखरच रुळाचा तुकडा आहे. मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होतो. २००१ साली वरची खोली काढली तेव्हा भंगारवाल्याकडून दहा फुटांचा नव्वद पौंडी रूळ वजनावर घेतला. नव्वद पौंडी म्हणजे एका यार्डाला नव्वद पौंड, तेव्हा दहा फुटांचे वजन सव्वाशे किलोच्या वर गेले. चौघांनी मिळून गल्लीत आणला. रेल्वेतला माणूस आणि दारात रूळ, म्हणून त्याची पावती मी आजवर पेटीत जपून ठेवली आहे. विचारणारे लोक भेटतात! मधला खांब तीन इंची पाइपाचा. तो आमच्या सौ.ने भिशीच्या पैशातून आणला. तिसरा २००७ सालचा. गॅलरी पुढे वाढवली तेव्हा दोन चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्डिंगने पेटी केली आणि ती उभी केली. ज्या वर्षी जे जमले ते आले.

सूनबाईचे म्हणणे होते की तिन्ही खांबांना पीओपीचे गोल पिलर करून घ्यावेत, बंगल्यासारखे. आमच्या सौ. ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मधला पाइप माझ्या भिशीचा आहे. तो झाकू नका. झाकायचाच असेल तर तुमचा रूळ झाका."

मी दोघींनाही त्या वेळी काही बोललो नाही. कारण पीओपीच्या पिलरचा एक अनुभव आमच्या गल्लीत ताजा होता, आणि तो इथे सविस्तर सांगायला हवा.

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक विधवा बाई राहतात. चार घरची धुणीभांडी करून दोन मुले शिकवली. त्यांनी बचत गटाचे कर्ज काढून घरापुढचे दोन खांब सजवून घेतले. आतला लोखंडी पाइप तसाच ठेवून त्याभोवती पीओपीचे गोल नक्षीदार पिलर, वर सोनेरी रंगाची किनार. काम करणाऱ्याने पाइपाचा गंजही खरवडला नाही, प्रायमरही मारला नाही. सरळ जाळी गुंडाळली आणि वरून थापले. दिसायला छान दिसले. गल्लीत चर्चा झाली. तीन पावसाळे गेले आणि पिलरच्या खालच्या बाजूला तांबूस रेघ उमटली. बाईंनी तिच्यावर पुन्हा पांढरा रंग मारला. रेघ पुन्हा आली. मग एके दिवशी संध्याकाळी परातीएवढा तुकडा गळून पडला. त्याच जागी तासाभरापूर्वी नातू खेळत होता.

मी फिटर म्हणून मला बोलावणे आले. उरलेले पीओपी हातानेच निघाले, ओल्या खडूसारखे. आत पाइपाला जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत गंजाचे थरावर थर चढले होते. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. म्हणजे वरची गॅलरी, तिच्यावरची पाण्याची टाकी आणि तिथे अभ्यासाला बसणारी मुले, सगळे त्या गोल पांढऱ्या पिलरच्या भरवशावर होते आणि पिलरच्या आत खांब उरलाच नव्हता. त्याच रात्री दोन जॅक आणून गर्डरखाली लावले, मुलांना खाली झोपायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी नव्या चौकोनी पाइपांचे बोलून आलो.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. तो आतून फुगतो आणि बाहेरचे आवरण फोडतो. फुटलेल्या जागेतून पाणी आत जाते, बाहेर यायला मात्र वाट नसते. पीओपी तर स्वतःच पाणी धरून ठेवते, आणि ओले पीओपी लोखंडाला चांगले नाही. शिवाय लोखंड उन्हाने वाढते आणि थंडीने आखडते. दहा फुटांचा खांब थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत साधारण एक मिलिमीटर लांब होतो. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण खांबाला घट्ट चिकटवलेल्या पातळ थराला तडा जायला तेवढे पुरते. जाड आणि घट्ट भरलेले काँक्रीट असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या आत लोखंड सुरक्षित राहते, म्हणून तर स्लॅबमधल्या सळ्या टिकतात. अर्ध्या इंचाच्या थापणीला ते जमत नाही.

त्या बाईंच्या बाबतीत मला खटकले ते दुसरेच. जॅक लावत होतो तेव्हा जमलेल्यांपैकी दोघे-तिघे म्हणाले, "कर्ज काढून नखरे कशाला करायचे? गरिबानं गरिबासारखं राहावं." बाई खाली मान घालून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, मुलीला बघायला येतात ती माणसं आधी दाराकडे बघतात. म्हणून केलं." यात नखरा कोणता? १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना स्वच्छ राहा, नीटनेटके लुगडे नेसा असे सांगितले, तेव्हाही नावे ठेवणारे होतेच. घर नीट दिसावे ही त्या बाईंची इच्छा बरोबर होती. ज्याने गंजावर पीओपी थापले त्याचे काम चूक होते. आणि बोलणी मात्र बाईंनी खाल्ली.

आता आमच्या खांबांकडे वळतो.

सुरुवात रंगाने केली नाही, हातोडीने केली. खांबावर खालपासून वरपर्यंत हलके ठोके मारत जायचे. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी तो बद्द येतो. मग ओळंबा सोडून खांब सरळ आहे का ते पाहिले. तिन्ही सरळ होते. रूळ उत्तम स्थितीत होता, त्याचे लोखंडच जाड. पाइपाला तळाशी गंज धरला होता, पण वरवरचा. पेटीच्या एका सांध्याला वेल्डिंग तुटक होते, तिथून पावसाचे पाणी आत जात असणार. ते वेल्डिंग पूर्ण करून घेतले आणि तळाला एक बारीक भोक ठेवले, म्हणजे आत पाणी गेलेच तर बाहेर येईल. वाचक बंधू-भगिनींनो, कोणाचा खांब ठोकल्यावर बद्द वाजला किंवा स्क्रूड्रायव्हर आत शिरला, तर तिथे सजावटीचा विषय संपला असे समजा. आधी जाणत्या माणसाला दाखवा. आणि खांब कापायचा, हलवायचा, बदलायचा असेल तर वरचे ओझे जॅकवर घेतल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका. कारागीर कितीही म्हणो, "दोन मिनिटांचं काम आहे."

दुसरे काम सफाईचे, आणि गंमत म्हणजे अर्धी शोभा इथेच आली. तीन खांबांवर काय काय होते! जुन्या केबलच्या वायरी, कपड्यांच्या दोरीचे खिळे, मागच्या तीन जयंत्यांच्या पताकांच्या सुतळ्या, कोणत्या तरी क्लासची जाहिरात, सायकलची साखळी अडकवायचे कडे. ते सगळे काढले तेव्हा सूनबाई स्वतःच म्हणाली, "बाबा, आताच बरं दिसतंय."

जयंतीवरून आठवले. एप्रिलमध्ये आपण सगळे गॅलरीवर रोषणाई करतो आणि माळा लोखंडी खांबालाच गुंडाळतो. वायरीचे आवरण कुठे सोललेले असेल तर अख्खा खांब करंट मारू शकतो, आणि खांबाला हात लावून उभे राहणारे बहुधा लहान मूल असते. आम्ही आता माळा खांबापासून लांब, नायलॉनच्या दोरीवर बांधतो. मेन स्विचजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला आहे. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. खर्च एकदाच करावा लागतो. तो करावा.

नंतर घासकाम. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. इथे एक काळजी सांगतो. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे भरपूर असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, तोंडाला फडके बांधावे, मुलांना लांब ठेवावे आणि खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने गोळा करून टाकावा. मी नातवाला त्या दोन दिवसांसाठी आत्याच्या खोलीत कोंडले. त्याने घर डोक्यावर घेतले, पण इलाज नव्हता.

घासून झाले की खांब पूर्ण कोरडा होऊ द्यायचा आणि थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारायचा. आपल्याकडे खाडीची दमट हवा. उघडे लोखंड एक रात्र ठेवले तरी सकाळी त्यावर पिवळसर पूड दिसते. हे काम पावसाळ्यात करूच नये. दुपारच्या तापलेल्या खांबावरही रंग मारू नये, त्याला फोड येतात. प्रायमर सुकल्यावर ऑइल पेंटचे दोन हात, मध्ये एक रात्र सोडून.

रंग कोणता, यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. पेंटर म्हणाला, चंदेरी मारा. चंदेरी रंगाने खांब उन्हात चमकतो आणि नको तिथे नजर जाते. गल्लीतल्या पोरांचे म्हणणे, निळा मारा, काका. मी म्हटले, निळा आपल्या झेंड्याचा. ज्या खांबाशी गल्लीतली कुत्री पाय वर करतात त्याला तो नको. मुलगा म्हणाला, गडद चॉकलेटी मारा, गंज दिसणार नाही. मला नेमके तेच नको होते. गंज दिसलाच पाहिजे, नवा असतानाच दिसला पाहिजे. शेवटी हलका राखाडी ठरला, आणि गॅलरीच्या गर्डरलाही तोच दिला. खांब आणि वरची आडवी पट्टी एकाच रंगात आली की खांब सुटे-सुटे दिसत नाहीत, सगळी मिळून एक चौकट वाटते.

पण तीन खांब तीन तऱ्हेचे, त्याचे काय? जुन्या चाळींच्या गॅलऱ्या आठवून पाहा. लाकडी खांब, खाली दगडी बैठक, वर दोन्ही बाजूंना कमानदार तीर. आपली नजर पायाकडे आणि माथ्याकडे जाते, मधल्या भागाकडे फारशी जात नाही. म्हणून तिन्ही खांबांच्या तळाशी एकाच मापाचे काँक्रीटचे चौथरे केले, फूटभर लांबी-रुंदीचे, नऊ इंच उंच. वरचा भाग बाहेरच्या बाजूला उतरता ठेवला, म्हणजे अंगण धुतलेले पाणी आणि पाऊस खांबाच्या बुडाशी साचत नाही. खांब सर्वांत आधी कुजतो तो तिथेच. चौथरा आणि लोखंड यांच्यामधली फट भरून घेतली. वर तिन्हीकडे लोखंडी पट्टी वाकवून सारख्या कमानी बसवल्या. पाइपाला आणि पेटीला त्या वेल्डिंग केल्या. रुळाला मात्र क्लॅम्पने आवळल्या. रुळाचे पोलाद कडक जातीचे असते, त्याला साधे वेल्डिंग केले तर सांध्याजवळ तडा जाण्याची भीती असते. पाय एक, माथा एक, रंग एक झाल्यावर आता कोणी मुद्दाम पाहिल्याशिवाय मधला फरक ध्यानात येत नाही. सौ.ची भिशी उघडीच राहिली आणि माझा रूळही.

काथ्याची दोरी गुंडाळण्याची कल्पना मुलीने कुठल्याशा फोटोत पाहिली होती. दिसते खरे सुंदर. पण आपल्या पावसात काथ्या चार महिने ओला राहतो आणि खांबाला ओली पट्टी बांधल्यासारखे होते. वरच्या मजल्यावर पत्र्याच्या आत जो छोटा पाइप आहे, त्याला तेवढी गुंडाळली. वेलाचेही तसेच. मधुमालती फुलली की गल्ली घमघमते, पण तिचे खोड पुढे मनगटाएवढे होते आणि खांबाला मिठी मारते, मग आत रंग मारायला हात जात नाही. आम्ही खांबापासून वीतभर अंतरावर नायलॉनची दोरी खालपासून वरपर्यंत ताणली आणि कुंडीतला गोकर्ण तिच्यावर सोडला. हलका वेल, वर्षातून एकदा छाटला की झाले. त्याला निळी फुले येतात. निळ्या रंगाची पोरांची हौस अशी फिटली.

हा उद्योग चालू असताना काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत वारंवार डोळ्यांपुढे येत होती. नोकरीत असताना फोर्टात काम निघाले की मी ती थांबून बघत असे. १८६० च्या दशकात तिचा सगळा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून जहाजाने आणून इथे जोडला. खांब, तुळया, गॅलऱ्या सगळे लोखंडाचे, आणि काहीच झाकलेले नाही. हिंदुस्थानात पहिला सिनेमा दाखवला तो तिथेच, १८९६ च्या जुलैत. पण निगा राहिली नाही. २००५ च्या पावसाळ्यात तिच्या दर्शनी भागाचा तुकडा कोसळून एका माणसाचा जीव गेला. उलट पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ चा, तोही लोखंडाचाच. साधारण दर सात वर्षांनी त्याला नवा रंग देतात आणि एका वेळेला सुमारे साठ टन रंग लागतो. आमच्या तीन खांबांना दोन लिटर पुरला. सिमेंट, पट्ट्या, वेल्डिंगवाल्याची मजुरी धरून चार हजारांच्या आत भागले. मजुरी कमी, कारण बरेचसे काम मी आणि मुलाने सुट्टीच्या दिवशी केले.

साखरपुड्याला सूनबाईच्या माहेरची माणसेही आली होती. तिच्या वडिलांनी चहा पिता पिता रुळावर बोटाने टिचकी मारली आणि विचारले, "हा तोच ना?" मी म्हटले, तोच. ते म्हणाले, "मग आम्हालाही एक मिळवून द्या. आमची गॅलरी हलते." मी त्यांना आधी हातोडीची गोष्ट सांगितली.

राहिल्या त्या दोन गल्ल्यांपलीकडच्या बाई. त्यांच्या दारात आता चार इंची चौकोनी पाइपांचे नवे खांब उभे आहेत, प्रायमर आणि रंग नीट मारलेले. पण त्यांना पिलर हवाच होता. मी नाही म्हटले नाही. पाइपाभोवती दीड इंचाची मोकळी जागा सोडून सिमेंट बोर्डाची पेटी करून दिली. प्लायवूड घेतले नाही, त्याला आमच्याकडे वाळवी लागते. पेटी चौथऱ्याच्या चार बोटे वरच थांबते आणि वरच्या अंगाला जाळीची भोके आहेत, त्यामुळे हवा खेळते आणि आत गेलेले पाणी खाली पडून जाते. बाईंनी तिला पांढरा रंग दिला आणि सोनेरी किनारही पुन्हा काढली. मागच्या बाजूची फळी सहा स्क्रूंवर उघडते. दर दिवाळीला उघडून आत बॅटरी मारून बघायचे असे त्यांच्या मोठ्या मुलाला दाखवून ठेवले आहे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घातले आहेत. साधे असते तर दोन पावसाळ्यांत तेच गंजून बसले असते आणि फळी उघडलीच नसती.